शिंगवाल्या किड्याची बाजू

केशोरीहून परत आलो की सगळे एकच विचारतात, "वाघ दिसला का?" नवेगावबांधचं जंगल जवळ, तेव्हा प्रश्न साहजिक आहे. नाही दिसला बुवा. दिसला तो तांदळाच्या दाण्याएवढा किडा, धानाच्या धुऱ्यावर लावलेल्या तुरीवर. आणि त्याच्यावर रोखलेला फवारणीचा पंप.

"काय झालं, भाऊ?"

"किडा लागला जी. दुकानवाल्यानं औषध देल्लं."

औषध! विषाला औषध म्हणायची खोड आपल्याला कुणी लावली कोण जाणे.

ऑक्सीरॅकिस टॅरँडस हे त्या किड्याचं शास्त्रीय नाव. फॅब्रिशियसने १७९८ साली दिलेलं. टॅरँडस हे रेनडिअरच्याही नावात आहे. याची शिंगं पाहिली की कारण कळतं. पाठीवरच्या ढालीला दोन बाजूंना दोन शिंगं, मागे पोटावर झुकलेलं टोक. हलला नाही तर बाभळीचा काटाच! मादी कोवळ्या फांदीत चीर पाडून अंडी घालते. पिल्लं घोळक्याने बसून रस पितात आणि जास्तीची साखर गोड थेंबांनी बाहेर टाकतात. मुंगळे मिशांनी थोपटून तो थेंब मागून घेतात, बदल्यात राखण करतात. थेट गुराखीच. मी अर्धा तास उकिडवा बसून हे बघत होतो. बोट पुढे केलं, तर मुंगळा कडकडून चावला.

आता, शेतीच्या पुस्तकात हा तुरीची कीड म्हणून येतो, पण दुय्यम. कोवळ्या रोपावर झुंबड झाली तर शेंडा सुकतो, हेही खरं. मग ती डहाळी मोडून टाका ना! तुरीचा खरा शत्रू शेंगा पोखरणारी अळी. तिला खाणारे कोळी, गांधीलमाश्या या फवाऱ्यात आधी मरतात. म्हणजे एका निरुपद्रवी प्राण्यासाठी आपण आपलेच राखणदार मारायचे आणि पुढच्या महिन्यात अळीसाठी दुसरी बाटली आणायची. विकणाऱ्याचं बरंच आहे. अंगावर साधा शर्ट, तोंडाला गमछा, एवढ्यावर माणूस हे विष उडवतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना माणसं मेली, ते इतक्या लवकर विसरलो आपण?

हे सगळं मी भाऊंना सांगितलं, जरा आवेशातच. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमचं बराबर आहे जी," ते म्हणाले, "पण बाटली तं फोडली ना आता."

आणि पंपाचा दांडा हलू लागला.