आधी कागद, मग पैसे

मुलगा पुण्यात, हिंजवडीला नाहीतर चाकणला. क्रेडिट कार्ड त्याचं, पण आधारवरचा पत्ता गावचा. त्यामुळे नोटीस येते ती कराडजवळ मसूरला, उंब्रजला, नाहीतर मलकापूरच्या एखाद्या खोलीवर, आणि ती हातात पडते वडिलांच्या. वर दिल्लीच्या किंवा चेन्नईच्या वकिलांच्या फर्मचं नाव, सगळा मजकूर इंग्रजीत, मध्येच ठळक अक्षरांत सात दिवसांची मुदत. शेजारचा कॉलेजात जाणारा पोरगा वाचून दाखवतो. त्यातले 'जप्ती' आणि 'अटक' हे दोनच शब्द घरात उरतात.

माझ्या धाकट्या भावाच्या नावानं असा कागद आला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी सकाळी आई पाटल्या पिशवीत घालून सोनाराकडे निघाली होती. आम्ही तिला थांबवलं खरं, पण पुढं काय करायचं ते आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. नंतरच्या वर्षभरात जे शिकलो ते लिहितो आहे. तुमच्या घरी असा कागद आला असेल तर सोनाराकडे जायच्या आधी एवढं वाचा, ही विनंती.

पहिली गोष्ट, वकिलाची नोटीस म्हणजे कोर्टाचा हुकूम नव्हे. बँकेनं वकिलाला सांगितलं आणि त्यानं पत्र लिहिलं, एवढाच त्याचा अर्थ. कोर्टाचं समन्स वेगळं असतं. त्यावर कोर्टाचा शिक्का, दावा क्रमांक आणि तारीख असते, आणि तो क्रमांक ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर कुणालाही तपासता येतो. समन्स आलं तर मात्र एक दिवसही दवडू नका. संक्षिप्त दाव्यात हजर व्हायला दहाच दिवस मिळतात आणि न गेल्यास एकतर्फी हुकूमनामा होतो. लवादाची, म्हणजे आर्बिट्रेशनची, नोटीस आली तरी गप्प बसू नका. बँकेनं एकतर्फी नेमलेला लवाद तुम्हाला मान्य नसेल तर तसं लेखी कळवा. एका पक्षानं आपल्या मर्जीनं एकटा लवाद नेमणं सुप्रीम कोर्टानं २०१९ मध्ये आणि पुन्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये अमान्य ठरवलं आहे.

दुसरी गोष्ट अटकेची. खोटी कागदपत्रं देऊन कार्ड काढलं नसेल, तर बिल थकणं हा गुन्हा नाही. ते दिवाणी देणं आहे आणि ते ज्याच्या नावावर कार्ड आहे त्याचं आहे. सज्ञान मुलाच्या कार्डासाठी वडिलांच्या स्वतःच्या मालकीची जमीन कुणी घेऊ शकत नाही. कार्डाचं कर्ज सहसा विनातारण असतं, त्यामुळे दावा चालून हुकूमनामा झाल्याशिवाय सहसा जप्तीचा प्रश्न येत नाही. हुकूमनामा झाला तरी शेतकऱ्याचं राहतं घर, शेतीची अवजारं, कारागिराची हत्यारं आणि प्रॉव्हिडंट फंड यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० चं संरक्षण आहे. पगारालाही आहे: पहिले १,००० रुपये आणि उरलेल्या रकमेचा दोन तृतीयांश भाग जप्त होत नाही. एका ठिकाणी मात्र सावध राहा. कार्ड आणि पगाराचं खातं एकाच बँकेत असेल, तर कार्डाच्या करारातल्या अटीनुसार बँक खात्यातली रक्कम थकबाकीत वळती करू शकते.

हे वाचून कुणी असं समजू नये की पैसे बुडवा असं मी सांगतो आहे. घेतलेले पैसे द्यायचेच आहेत. प्रश्न किती द्यायचे, केव्हा द्यायचे आणि कोणत्या कागदावर द्यायचे, एवढाच आहे.

हिशेब मागून घ्यायची रीत या मुलखाला नवी नाही. १८७५ साली सुप्याच्या बाजारात सुरू झालेल्या दंग्यात पुणे-नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे आणि वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. तो ज्या चार जिल्ह्यांसाठी केला त्यांत आपला सातारा होता. कोर्टानं रोख्यावरचा आकडा तसाच न मानता व्यवहार मुळापासून तपासावा, भरलेल्या पैशाची लेखी पावती आणि हिशेबाचा उतारा कुळाला मिळावा, पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशी त्यात तरतूद होती. दाव्याआधी समेट घडवायला माणसंही नेमलेली असत. आपल्या पणजोबांना अंगठा उठवताना जे मिळत नव्हतं, ते मिळावं म्हणून तो कायदा आला. आज आपल्याला वाचता येतं, ईमेल पाठवता येतो. तरी फोनवरच्या माणसानं सांगितलेला आकडा आपण निमूट मान्य करतो, याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून फोन आला की एवढंच म्हणा: "साहेब, मी बोलायला तयार आहे. बँकेनं तुम्हाला नेमल्याचं पत्र पाठवा आणि खात्याचा पूर्ण उतारा पाठवा." उताऱ्यात मुद्दल, व्याज, विलंब शुल्क आणि जीएसटी वेगवेगळं हवं. ते वेगळं केल्यावर पुष्कळांचे डोळे उघडतात. एक लाखाची बाकी आणि महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरा. व्याज ३,५००, त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. तुम्ही 'मिनिमम ड्यू' म्हणून ५,००० भरलेत, तर मुद्दल कमी झालं फक्त ८७० रुपयांनी. वर्षभर दर महिन्याला पाच हजार भरूनही बाकी फारशी हलत का नाही, ते यावरून कळेल.

इथं कुणीतरी हमखास दामदुपटीचा नियम काढतो. मुद्दलाच्या रकमेपेक्षा जास्त व्याज घेता येत नाही, हा नियम सावकाराला लागू आहे, बँकेच्या कार्डाला नाही. बँकेचा व्याजदर जास्त आहे म्हणून कोर्टानं व्यवहार पुन्हा उघडू नये असं बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१ए सांगतं. कार्डावर तीस टक्क्यांहून जास्त व्याज घेणं ही अनुचित प्रथा आहे, हा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ चा निर्णयही सुप्रीम कोर्टानं २० डिसेंबर २०२४ रोजी रद्द केला. तेव्हा व्याजदरावर भांडण्यात शक्ती घालवू नका. तडजोडीवर बोला.

तडजोड आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पतसंस्थेची एकरकमी परतफेड योजना कुणाच्या ना कुणाच्या घरात आलेली असतेच. बँकांनाही ती करता येते, आणि तिची चौकट रिझर्व्ह बँकेनं ८ जून २०२३ रोजी सगळ्या बँकांसाठी घालून दिली आहे. पण थकबाकी दोन-तीन महिन्यांचीच असेल आणि पूर्ण भरण्याची ऐपत असेल, तर तडजोड करूच नका. बाकीचे हप्ते पाडून घ्या. तडजोड केली की सिबिलच्या कर्ज-इतिहासाच्या अहवालात खातं 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' दिसतं आणि पुढं घराचं कर्ज काढताना ते आडवं येतं. ज्याला खरोखर जमत नाही त्यानंच हा रस्ता धरावा.

बोलणी करताना त्यांच्या मागणीवरून नाही, आपल्या खिशावरून आकडा ठरवा. समजा मागणी २,४०,००० ची आहे, त्यात मुद्दल १,३०,००० निघालं आणि कारखान्याचं ऊसबिल आलं की तुमच्याकडं ९०,००० सुटे होणार आहेत. मग सुरुवात साठ-पासष्ट हजारांपासून करा. तारीखही बिलाच्या अंदाजानं, हातात थोडे दिवस ठेवून द्या. बिल लांबलं तर ठरलेली तारीख चुकते, आणि बहुतेक तडजोडींत एक तारीख चुकली की सगळी सवलत जाते. घरात सोनं किती, जमीन किती, भाऊ कुठं नोकरीला, हे फोनवर सांगत बसू नका. "आजच संध्याकाळपर्यंत भरलं तरच ही ऑफर," असं दर महिन्याच्या शेवटी ऐकू येतं. भावाला अशा तीन 'शेवटच्या' ऑफर आल्या, आणि तिसरी पहिलीपेक्षा कमी रकमेची होती. आणि एक कळकळीची विनंती: ही तडजोड भागवायला मोबाइल ॲपवरचं कर्ज किंवा गावातले टक्केवारीचे पैसे उचलू नका.

आकडा जमला की सगळ्यात महत्त्वाची पायरी येते, आणि नेमकी तिथंच आपली माणसं घसरतात. फोनवर "झालं, फायनल" म्हटलं की लगेच पैसे पाठवतात. पाठवू नका. आधी बँकेच्या लेटरहेडवर, बँकेच्या स्वतःच्या ईमेलवरून तडजोडीचं पत्र येऊ द्या. त्यात कार्डाचे शेवटचे चार आकडे, ठरलेली रक्कम, भरण्याची तारीख, ही रक्कम पूर्ण आणि अंतिम असून उरलेली बाकी माफ आहे असं स्पष्ट वाक्य, आणि दावा किंवा लवादाचं प्रकरण असेल तर ते मागे घेण्याचं कबूल केलेलं हवं. मग कार्डाच्या मागच्या नंबरवर स्वतः फोन करून, नाहीतर त्या बँकेच्या शाखेत जाऊन पत्र खरं आहे का ते विचारा. पैसे कार्डाच्या खात्यातच भरा. वसुलीवाल्या माणसाच्या यूपीआयवर एक रुपयाही नको. भरल्यावर व्यवहाराचा यूटीआर नंबर लिहून ठेवा.

पुढच्या तारखांचे चेक देणं टाळा. कार्डाचं बिल थकणं गुन्हा नाही, पण त्यापोटी दिलेला चेक वटला नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो, आणि त्यात दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दिवाणी देण्याचं फौजदारी प्रकरण आपण आपल्या सहीनं करून देतो.

जुन्या बाकीचं गणित निराळं आहे. अशा देण्यासाठी दावा लावायची मुदत तीन वर्षांची असते. मुदत संपायच्या आत तुम्ही बाकी लेखी कबूल केली किंवा थोडी रक्कम भरली, तर ती पुन्हा नव्यानं सुरू होऊ शकते. "सद्भावना म्हणून हजार रुपये टाका," असा आग्रह होतो तेव्हा हे ध्यानात असू द्या. बाकी तीन वर्षांच्या आसपासची किंवा त्याहून जुनी असेल, तर एक ओळ लिहिण्याआधी वकिलाला विचारा.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. कराडच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती आहे. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, आणि १५१०० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. दावा दाखल होण्याआधीचं प्रकरणही लोकअदालतीत ठेवता येतं आणि त्याला कोर्ट फी नाही. तिथली नोटीस आली तर जरूर जा. पटलं नाही तर 'नाही' म्हणून परत येता येतं. पटलं तर सहीच्या आधी शब्द न् शब्द वाचा, कारण लोकअदालतीच्या निवाड्यावर अपील नाही.

छळ मात्र सहन करू नका. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर वसुलीचे फोन करायचे नाहीत, शिवीगाळ करायची नाही, नातेवाईक आणि मित्रांना त्रास देऊन चारचौघांत अब्रू काढायची नाही, हे रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२२ मध्ये लेखी बजावलं आहे. फोनची तारीख-वेळ लिहून ठेवा, रेकॉर्डिंग ठेवा आणि बँकेकडं लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार फुकट करता येते. माहितीसाठी त्यांचा १४४४८ हा क्रमांक आहे. आणि घरातल्यांनो, पोराला या दिवसांत एकटं सोडू नका. तो लाजेनं बोलत नाही. "किती आहे ते सांग, आपण बघू," एवढं आधी म्हणा, ओरडायचं ते नंतर ओरडा.

पैसे भरल्यावर 'नो ड्यूज'चं प्रमाणपत्र मागून घ्या. महिन्या-दोन महिन्यांनी सिबिलचा अहवाल काढा. वर्षातून एकदा तो मोफत मिळतो. नोंद चुकीची असेल तर लेखी तक्रार करा. तीस दिवसांत दुरुस्ती झाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाईचा नियम आहे.

भावाचं प्रमाणपत्र वडिलांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवलं होतं. दीड वर्षानं त्याच कार्डासाठी दुसऱ्याच कुठल्या तरी ऑफिसातून फोन आला, बाकी आहे म्हणून. वडिलांनी ती पिशवी काढली, पुतणीकडून कागदाचा फोटो पाठवला आणि म्हणाले, "हे वाचा, आणि मग बोला." त्यानंतर फोन आला नाही.