दुसऱ्याचे डोळे फोडणारा उजेड

गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. रात्री साडेनऊच्या सुमाराला पेठ–सांगली रस्त्यावर, तुंगच्या अलीकडे, समोरून एक मोटार आली. तिच्या दिव्यांचा निळसर पांढरा झोत थेट माझ्या डोळ्यांत घुसला. मी डिपर मारला. पुन्हा मारला. समोरच्याने उत्तर म्हणून क्षणभर अप्पर लावला आणि तेव्हा मला कळलं की इतका वेळ तो डिपरवरच होता. ज्याचा डिपर असा, त्याच्याकडे मागायचं तरी काय? मी पाय ब्रेकवर नेला. काचेवर पांढऱ्याशिवाय काही नव्हतं. तो निघून गेला आणि पांढऱ्याच्या जागी काळं आलं. दोन-तीन सेकंदांनी नजर ताळ्यावर आली, तेव्हा बॉनेटपुढे जेमतेम वीस फुटांवर उसाने भरलेली ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, साधं लाल फडकंसुद्धा नाही.

गाडी थांबली, म्हणून हे लिहितो आहे. शेजारी बसलेली माझी बायको त्यानंतर रात्री त्या रस्त्याने यायला तयार नाही आणि मी तिला आग्रह करत नाही.

ट्रॉलीवाल्याचा गुन्हा गुन्हाच आहे, त्याला माझ्याकडे माफी नाही. पण हंगामात आमच्या भागातल्या रस्त्यांवर ट्रॉल्या असतात, बैलगाड्या असतात, कारखान्याकडे पायी चाललेली माणसं असतात, हे इथल्या प्रत्येक चालकाला ठाऊक आहे. म्हणून तो डोळ्यांत तेल घालून चालवतो. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी तीन सेकंदांत ५० मीटर पुढे जाते. ते ५० मीटर समोरच्याने माझ्याकडून हिरावून घेतले. का, तर त्याला स्वतःच्या बॉनेटपुढचा रस्ता दुधासारखा दिसावा.

पुढच्याच आठवड्यात माझ्या गाडीचा एक बल्ब गेला, म्हणून मी अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानात गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "काका, हॅलोजन आता कोण घालतं? एचआयडी किट टाका, रात्रीचा दिवस होईल." मी विचारलं, "आणि समोरच्याचं काय?" तो म्हणाला, "समोरच्याने पण टाकावं ना." हे वाक्य मी विसरू शकत नाही. रस्त्यावरची आपली सगळी नीती त्याने एका दमात सांगून टाकली.

मला एचआयडीचा, म्हणजे हाय इंटेन्सिटी डिस्चार्ज दिव्याचा, राग नाही. उत्तम दिवा आहे तो. त्यात तार तापत नाही. झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार भरलेल्या बारीक नळीत विजेची कमान पेटते. पेटवायला वीस हजार व्होल्टच्या वरचा झटका लागतो, तो बॅलास्ट देतो. मूळचा ३५ वॅटचा एचआयडी बल्ब सुमारे ३,२०० ल्युमेन उजेड देतो आणि नेहमीच्या एच४ हॅलोजनचा डिपर ५५ वॅट खाऊन सुमारे १,००० देतो. म्हणजे कमी वीज आणि तिप्पट उजेड. आयुष्यही हॅलोजनच्या कितीतरी पट. १९९१ साली बीएमडब्ल्यूने ७ सीरिजमध्ये तो पहिल्यांदा बसवला. पण त्याच्यासाठी दिवाच वेगळा घडवला होता, ही गोष्ट किट विकणारे गिळून टाकतात. युरोपात २,००० ल्युमेनच्या वरच्या दिव्यांना नियमच असा घातला, की मागच्या सीटवर माणसं बसली, डिकी भरली, तरी झोत आपोआप खाली आला पाहिजे आणि काचेवर चिखल बसून उजेड विखुरू नये म्हणून दिवा धुण्याची सोयही असली पाहिजे. ज्यांनी हा दिवा केला, त्यांना त्याची भीती वाटली. आपल्याला वाटत नाही.

आता तुमच्या गाडीतला एच४ बल्ब एकदा हातात घेऊन बघा, काचेला बोट न लावता. आत दोन फिलामेंट असतात. डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी असते. सगळी करामत त्या वाटीची आहे. खाली जाणारा उजेड ती अडवते, त्यामुळे रिफ्लेक्टरचा फक्त वरचा अर्धा भाग उजळतो आणि तो झोत रस्त्यावर खाली फेकतो. रिफ्लेक्टरचा प्रत्येक वळसा त्या नखाएवढ्या तारेच्या नेमक्या जागेवरून मोजून काढलेला असतो. आपल्याकडे गाड्या डावीकडून चालतात, म्हणून झोत डाव्या कडेला थोडा वर चढतो. कडेचा माणूस आणि मैलाचा दगड दिसतो, पण समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड जात नाही.

अशा रिफ्लेक्टरमध्ये एचआयडीची नळी खुपसली, की हे सगळं गणित मोडतं. तिचा आकार वेगळा, उजेडाची जागा वेगळी, त्या वाटीच्या जागी एक ढिला पत्रा. रिफ्लेक्टर बिचारा मिळेल तो उजेड फेकतो: वर, आडवा, झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या बुबुळांवर. तोही तिप्पट. काहीजण म्हणतात, आम्ही प्रोजेक्टर बसवलाय. कुठला? परदेशातल्या मोडीत निघालेल्या गाडीचा असेल, तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशासाठी घडलेला असू शकतो. मग त्याचा झोत उजव्या कडेला वर चढतो, म्हणजे आपल्या रस्त्यावर बरोबर समोरच्याच्या तोंडावर.

आणि मालकाला तरी काय मिळतं? जवळचा रस्ता लख्ख उजळतो, म्हणून त्याला वाटतं की आपल्याला फार दिसतं. पण जवळचा झगमगाट बाहुली आकसवतो आणि लांबचा अंधार आणखी दाट होतो. ताशी ८० ने जाताना माणसाला बंपरपुढचे दहा मीटर दिसून उपयोग काय? शिवाय हा दिवा पेटल्यावर पूर्ण उजळायला काही सेकंद घेतो. आंबोली घाटातल्या धुक्यात जास्त उजेड म्हणजे जास्त जाड पांढरी भिंत. मूळच्या एचआयडीचा रंग साधारण ४,३०० केल्विनचा असतो. दुकानात ८,००० चा निळा मागून घेतात. त्यात उजेड उलट कमी पडतो आणि समोरच्याच्या डोळ्यांना मात्र तो जास्त बोचतो. पैसे देऊन कमी उजेड आणि जास्त त्रास विकत घेण्याचा हा व्यवहार आहे. नुसत्या दिखाव्यासाठी.

"पण हॅलोजनमध्ये खरंच काही दिसत नाही हो!" ही तक्रार खरी आहे. माझीही होती. तिचं मूळ बहुतेक वेळा बल्बमध्ये नसतं. अनेक जुन्या आणि स्वस्त गाड्यांत हेडलाइटची सगळी वीज बारीक तारेतून, स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून फिरून बल्बपर्यंत पोहोचते आणि वाटेत व्होल्टेज पडतं. व्होल्टेज १० टक्के पडलं की हॅलोजनचा उजेड सुमारे ३० टक्के कमी होतो. एक रिले आणि जाड तारेचं हार्नेस बसवा, तोच ५५ वॅटचा बल्ब जागा होतो. दुसरं, दिव्याची प्लास्टिकची काच. उन्हाने ती पिवळी, धुरकट होते. ती घासून पॉलिश करून घ्या, नाहीतर बदला. आणि झोत भिंतीवर सरळ लावून घ्या. मी हे तिन्ही केलं. वायरमनची मजुरी धरूनही खर्च किटच्या निम्म्यावर आला आणि आष्ट्यापासून सांगलीपर्यंतचा रस्ता मला स्वच्छ दिसतो. १००/९० वॅटचा बल्ब मात्र घालू नका. होल्डर वितळतो आणि समोरच्याचा शाप लागतो तो वेगळाच.

म्हणून माझा निवाडा असा: कंपनीनेच एचआयडी प्रोजेक्टर दिलेली गाडी घेतली असेल, तर खुशाल चालवा. हॅलोजनची गाडी असेल, तर हॅलोजनच ठेवा. मधली वाट नाही. तसंच किट आता एलईडी बल्बचंही मिळतं. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबला, तर तोही समोरच्याला तसाच आंधळा करतो.

कायदा नाही असं कुणी म्हणू नये. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियम सांगतो की दिव्यापासून ८ मीटरवर, उजवीकडे अर्धा मीटर सरकून, दीड मीटर उंचीवर डोळे असलेला माणूस दिपता कामा नये. २०१९ च्या दुरुस्तीने गाडीत बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. पण तपासतो कोण? पीयूसीत धूर बघतात, दिवे बघत नाहीत. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची, तोवर तिचा झोत कुठे जातो हे एकही सरकारी माणूस बघत नाही. हेल्मेटसाठी चौकात उभे राहणारे हवालदार रात्री नऊनंतर पेठ नाक्यावर उभे राहिले, तर एका रात्रीत वही भरेल. किट दुकानात उघड टांगलेलं असतं, ते विकणाऱ्यावर कधी कुणी हात टाकला आहे? पूर्वी हेडलाइटवर काळा ठिपका नसला तर गाडी अडवत. तो ठिपका अडाणी होता, पण त्यामागे समोरच्याची काळजी होती. ठिपका गेला आणि काळजीही गेली.

"समोरचे सगळे अप्पर लावून येतात, मग मी का नको?" असं मला सुशिक्षित माणसं विचारतात, डॉक्टर विचारतात, मास्तर विचारतात. समोरचा आंधळा झाला, तर तो कुणावर येऊन आदळणार आहे? तुमच्यावरच. साठीच्या आसपासच्या माणसाला, ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू नुकता धरू लागलाय, त्या झोतातून सावरायला तरुणापेक्षा जास्त वेळ लागतो. दुचाकीवरच्या बाईपुढे विंडस्क्रीनसुद्धा नसते. पहाटे अंधारात दिंडीतून चाललेल्या वारकऱ्याला कडेचा खड्डा दिसत नाही. यांच्यातल्या कुणीही तुमचं काही वाकडं केलेलं नाही.

तुमच्या गाडीत असं किट असेल, तर आज रात्री एवढं करा. गाडी मोकळ्या रस्त्याला उभी करा, डिपर लावा आणि आठ मीटर पुढे जाऊन, थोडं गाडीच्या उजव्या बाजूला सरकून, वाकून डोळे दीड मीटर उंचीवर आणा. मग दिव्याकडे बघा. डोळे मिटावे लागले, तर उद्या सकाळी किट काढून टाका.