आधीं गोष्ट, मग अक्षर

‘क’, ‘म’, ‘ळ’ हीं अक्षरें घडाघडा म्हणणारें मूल, कमळ कोठें उमलतें असें विचारतांच गप्प बसतें. हा दोष मुलाचा नव्हे. अर्थ सोडून अक्षरें घोकविण्याच्या आपल्या रीतीचा होय.

आपलें पाचोड पैठण तालुक्यांतलें. त्या पैठणांत तेराव्या शतकांत राहिलेल्या चक्रधरस्वामींनीं गहन तत्त्वें लहान दृष्टांतांनीं समजाविलीं; केसोबासांनीं तीं ‘दृष्टांतपाठां’त ग्रथित केलीं. त्यांतलीच हत्ती व आंधळे यांची गोष्ट घरीं मुलांस सांगावी. मग विचारावें, “सोंड कशी वाटली असेल?” मूल “अजगर” एवढेंच म्हणेल. त्यास “सोंड अजगरासारखी वाटली” असें पूर्ण वाक्य बोलावयास लावावें आणि तेंच पाटीवर लिहून त्याच्यापुढें ठेवावें. स्वतःचें बोलणें वाचावयास मूल भीत नाहीं.

ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डीस शिक्षण बालकांच्या अंगणांत नेलें. आपलेंहि अंगण मोकळेंच आहे. ज्या मातेस अक्षरओळख नाहीं तिनें गोष्ट सांगावी. पाटीवर लिहिण्याचें काम, विद्यार्थीमित्रांनो, तुमचें.