हाक कोणत्या भाषेत ऐकायची?

१९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला किनवट तालुका नांदेडला जोडला गेला. बिदर जिल्ह्यातले उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके उस्मानाबादेत आले आणि १९८२ साली लातूर जिल्ह्यात गेले. नकाशावर रेषा उमटली, पण सोयरीक रेषा मानीत नाही. निजामाबादकडची लेक आजही देगलूर-बिलोलीत नांदायला येते, बिदरकडची उदगीर-देवणीत. किनवट-माहूरच्या डोंगरात गोंडी व कोलामी, तांड्यांवर गोरमाटी, नांदेड शहरात दखनी उर्दू बोलली जाते. संसार सुखाचा असेल तोवर या भाषा सहज एकमेकींत मिसळतात. घरात मारहाण सुरू झाली की मात्र भाषा हीच भिंत होते.

कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ साली संमत झाला व २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. राहत्या घराचा हक्क, संरक्षणाचा आदेश, पोटगी, मुलांचा ताबा हे सारे त्याने स्त्रीला देऊ केले. पुढे १८१ क्रमांकाची हेल्पलाइन आली, ‘सखी’ केंद्रे आली. या तरतुदींचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी अवघ्या १४ टक्के स्त्रियांनी कोणाकडे मदत मागितली. लाज, भीती आणि परतीचा बंद झालेला दरवाजा ही कारणे सर्वत्र आहेत. सीमेवरच्या तालुक्यांत त्यांत आणखी एकाची भर पडते.

अर्जदार स्त्री निरक्षर असेल तर संरक्षण अधिकाऱ्याने तिला अर्ज वाचून दाखवावा व समजावून सांगावा, असे या कायद्याचे नियम सांगतात. पण समजावून सांगायचे ते कोणत्या भाषेत? केवळ तेलुगू जाणणारी सून ठाण्याची पायरी चढते तेव्हा दुभाषी म्हणून पुढे होणार कोण? दीर, सासरा किंवा त्यांच्याच गल्लीतला कोणी. तक्रार ज्या घराविरुद्ध, त्याच घराच्या तोंडून ती नोंदली जायची! मग ‘जाळायला निघाला होता’ याचे ‘जरा रागावला होता’ व्हायला कितीसा वेळ लागणार?

म्हणूनच हेल्पलाइनवरच्या द्विभाषिक कार्यकर्तीचे काम नुसत्या भाषांतराचे नाही. फोन उचलताच तिला आधी विचारावे लागते : आत्ता बोलता येईल का, जवळ कोण आहे, मुले कुठे आहेत? ‘दोन दिवस उपाशी ठेवले, मजुरीचे पैसे काढून घेतले’ या साध्या वाक्यात कायद्याने मानलेली आर्थिक हिंसा आहे, हे तिने ओळखायचे असते. निर्णय मात्र त्या स्त्रीचाच राहू द्यायचा असतो. बाईची बोली आणि कायद्याची भाषा, दोन्ही जाणणारी व्यक्तीच हा सांधा जुळवू शकते.

महाराष्ट्राचा कारभार मराठीतच चालावा, असे यावर कोणी म्हणेल. ते योग्यच आहे. पण निजामी राजवटीत उर्दू कचेरीपुढे मुका उभा राहिलेला मराठी शेतकरी मराठवाड्याने विसरता कामा नये. तेव्हाचे भांडण उर्दू भाषेशी नव्हते, रयतेचे न ऐकणाऱ्या सत्तेशी होते. तोच मुकेपणा आज परभाषिक सुनेच्या वाट्याला येऊ देणे, हा मुक्तिसंग्रामाचा वारसा नव्हे.

नांदेड व लातूर जिल्ह्यांत मदतीच्या प्रत्येक पाळीला तेलुगू, कन्नड, उर्दू व गोरमाटी जाणणाऱ्या स्त्रिया असल्या पाहिजेत. त्या तांड्यांतून, पाड्यांतून निवडाव्यात, त्यांना प्रशिक्षण व पूर्ण वेतन मिळावे. सेवाभावाच्या नावाखाली त्यांना तुटपुंज्या मानधनावर राबवणे हेही शोषणच होय. सासरच्या माणसाला दुभाषी करण्यास स्पष्ट मनाई हवी.

शासन जागे होईपर्यंत कार्यकर्त्यांनीही स्वस्थ बसू नये. प्रत्येक तालुक्यात अशा भाषा जाणणाऱ्या विश्वासू भगिनी शोधाव्यात, गुप्तता कसोशीने पाळावी. आणि एक पथ्य अवश्य सांभाळावे : पंच बोलावून तडजोड घडवण्याची घाई करू नये. आधी त्या स्त्रीचे म्हणणे, तिच्या भाषेत, अखेरपर्यंत ऐकून घ्यावे.