टी-शर्टावरचं वावर



परवा आमच्या कारंजा लाडच्या बसस्टँडवर एक कॉलेजकुमार उभा होता. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा, एकीखाली एक. माझ्यासोबत भाचेमंडळी होती. धाकटी म्हणाली, "डोंगर आहेत!" थोरला म्हणाला, "हट्, नांगरलेलं वावर आहे ते." शेवटी मी त्या दादालाच विचारलं. तो हसला. "ते काही माहीत नाही काका, पण फॅशन आहे!"

तुम्हीही हे चित्र कुठेतरी पाहिलं असेल. ते ना डोंगर, ना वावर. तो आहे एक तारा!

१९६७ साली इंग्लंडमधल्या केंब्रिजला जोसलिन बेल नावाची विद्यार्थिनी आकाशातून येणाऱ्या रेडिओलहरींची नोंद तपासत होती. यंत्रातून रोज जवळजवळ शंभर फूट कागद बाहेर पडायचा आणि ही बाई तो इंच न् इंच डोळ्यांखालून घालायची. त्यात तिला एक बारीकशी खूण दिसली. नीट पाहिलं तर दर १.३३ सेकंदांनी एक ठोका, अगदी घड्याळासारखा! तो होता पहिला सापडलेला पल्सार, म्हणजे स्पंदक तारा. सूर्याहून जड, पण जेमतेम वीसेक किलोमीटर रुंद, आणि भिंगरीसारखा गरगरणारा.

पुढे १९७० साली अमेरिकेत हॅरोल्ड क्राफ्ट या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधासाठी याच ताऱ्याचे लागोपाठचे ८० ठोके संगणकाकडून एकाखाली एक काढून घेतले. हेच ते चित्र!

मग ते टी-शर्टावर कसं आलं? त्याची गंमत ऐका.

१९७६-७७ च्या सुमारास इंग्लंडमध्ये 'पंक' संगीताची लाट आली. खिशात पैसे नाहीत, गाण्याचं शिक्षण नाही, तरी पोरं म्हणाली, आपलं आपण करू! त्यांची चित्रंही तशीच. 'सेक्स पिस्टल्स' या बँडसाठी जेमी रीड हा चित्रकार वर्तमानपत्रातली अक्षरं कापून चिकटवायचा. महागडी छपाई नको, कात्री आणि डिंक पुरे.

मँचेस्टरच्या काही मुलांनी त्यांचा कार्यक्रम पाहिला आणि स्वतःचा बँड काढला, 'जॉय डिव्हिजन'. १९७९ साली त्यांची पहिली मोठी तबकडी निघाली. बँडमधल्या बर्नर्ड समनरला खगोलशास्त्राच्या एका कोशात ते ताऱ्याचं चित्र सापडलं होतं. पीटर सॅव्हिल या तरुण चित्रकाराने एकच युक्ती केली. मूळ चित्रात पांढऱ्यावर काळ्या रेषा होत्या, त्याने काळ्यावर पांढऱ्या केल्या. झालं, रात्रीचं आकाश उतरलं! पुढच्या बाजूला बँडचं नाव नाही, तबकडीचंही नाही.

आणि क्राफ्टचं? त्याला तर कोणी विचारलंही नव्हतं. खूप दिवसांनी त्याला दुसऱ्याकडून कळलं, तेव्हा त्याने दुकानात जाऊन स्वतः ती तबकडी विकत घेतली! जोसलिनबाईंचंही तसंच झालं. १९७४ चं नोबेल त्यांच्या मार्गदर्शकांना मिळालं, त्यांना नाही. पण २०१८ साली मिळालेलं तीस लाख डॉलरचं बक्षीस त्यांनी गरजू विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी देऊन टाकलं. मन किती मोठं, पाहा!

दुसऱ्याचं चित्र घेऊन नवं काही करणं यात गैर नाही. सॅव्हिलने त्यात खरीच भर घातली. पण ज्याने रात्री जागवल्या, त्याचं नाव गाळू नये.

असे स्पंदक तारे आपल्या महाराष्ट्रातूनही शोधतात बरं का! पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची प्रचंड दुर्बीण आहे. सहलीला त्या बाजूला गेलात तर बाईंना नक्की आठवण करा.

तोवर एक करून पाहा. कागदावर रोज एक आडवी रेषा काढा. डावं टोक सकाळ, उजवं टोक रात्र. गल्लीत जेव्हा गोंगाट जास्त, तिथे रेषेला उंचवटा द्या. दुसऱ्या दिवशीची रेषा त्याखाली. वीस दिवसांत तुमच्या गल्लीचे ठोके कागदावर उमटतील! शाळेच्या हस्तलिखिताला मुखपृष्ठ तयार.

फक्त एक विसरू नका. मागच्या पानावर लिहा : नोंद कोणी ठेवली, चित्र कोणी काढलं आणि कल्पना कुठून सुचली.