मूळचे कुठले?

आम्हा इंदूरकर मराठी मंडळींना एक जुनी खोड आहे. कोणी नवा माणूस घरी आला की त्याच्या हाती चहाची कपबशी देता देताच आम्ही विचारतो, "आपण मूळचे कुठले?" माझे पूर्वज होळकरशाहीत दक्षिणेतून माळव्यात आले. त्या मूळ गावाची वेस मी अजून पाहिलेली नाही. तरी लग्नाची बोलणी निघाली की त्या गावाचे नाव पहिल्या वाक्यात येते. न पाहिलेल्या गावाला इतके धरून राहणाऱ्या आम्हांला, पाहिलेले गाव हरवून बसलेल्या मुलाची व्यथा समजावयास अडचण पडू नये.

असा एक मुलगा आमच्या शेजारच्या खांडव्याचा. १९८६ साली पाच वर्षांचा शेरू थोरल्या भावाबरोबर बऱ्हाणपूर स्टेशनावर गेला, तेथे गाडीत चढून झोपी गेला आणि पोचला तो थेट कलकत्त्याला. त्याच सुमारास त्याचा भाऊ रुळांवर मरण पावला. हे त्याला पंचवीस वर्षे ठाऊक नव्हते. परक्या शहरात त्याने आपले ठिकाण सांगितले. परंतु खांडव्यातील 'गणेश तलाई' हे नाव त्या बालमुखातून असे काही उमटे की कोणास उमगेना. स्वतःचे नावदेखील तो 'सरू' असे सांगे. शेवटी हरवलेल्या मुलांत त्याची नोंद झाली, आणि १९८७ साली ऑस्ट्रेलियातील टास्मानिया बेटावर, होबार्ट येथील सू व जॉन ब्रायर्ली या दांपत्याने त्याला दत्तक घेतले.

या दांपत्याविषयी मला आदर वाटतो. जगात निराधार मुले पुष्कळ आहेत, तेव्हा आपण मूल घ्यावे ते त्यांतले, असा त्यांचा विचार. त्यांनी सरूला आपला मुलगा मानले. पण त्याच्या खोलीत हिंदुस्थानचा नकाशाही टांगला. 'विसर' असे ते म्हणाले नाहीत. पुढे वयात आल्यावर त्याने उपग्रहांनी टिपलेल्या चित्रांत कलकत्त्याला येणारे लोहमार्ग रात्रीमागून रात्री धुंडाळले. अखेर बऱ्हाणपूर स्टेशनाजवळची पाण्याची टाकी त्याला ओळखू आली. २०१२ च्या फेब्रुवारीत तो गणेश तलाईत येऊन उभा राहिला. आई तेथेच होती. मुलगा परत आला तर आपणांस कोठे शोधील, म्हणून तिने तो मोहल्ला सोडला नव्हता.

अशा मुलाला कृतघ्न म्हणणारे लोक आपल्यात आहेत. सांभाळले कोणी आणि हा शोधतो कोणाला, असे ते विचारतात. हा हिशेब मला पटत नाही. देवकी आणि यशोदा यांतली एक निवड, असे कृष्णाला आपण कधी म्हटले आहे काय? सरू होबार्टचाच राहिला. आणि पुढे सूबाईही खांडव्यास येऊन त्या माउलीला भेटल्या. संस्थानी दत्तकांतही हा विवेक होता. १८७५ साली नाशिककडील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ जमनाबाईंच्या मांडीवर बसून बडोद्याचा सयाजीराव झाला. नाव बदलले, घर बदलले. पण कवळाणे कोठे आहे हे विचारत हिंडण्याची पाळी त्याच्यावर आली नाही.

कायदा पूर्वीपेक्षा पुष्कळ सुधारला, हे मान्य केले पाहिजे. परदेशी दांपत्ये त्या काळी १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली मुले नेत. १९८४ साली लक्ष्मीकांत पांडे यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने या व्यवहाराला शिस्त लावली व मुलाला आधी देशातच घर शोधावे, असे बजावले. २००३ साली भारताने हेगचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. २०१५ च्या कायद्यात तर, सापडलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घेऊन मगच त्याला दत्तकास मोकळे ठरवावे, असे आहे. त्यासाठी दोन वर्षांपर्यंतच्या मुलाला दोन महिने आणि त्याहून मोठ्याला चार महिने अशी मुदत घातलेली आहे.

पण चार महिन्यांत कागद पुरा होतो. मूल सांगते ते कळतेच असे नाही. म्हणून माझे मागणे लहानसे आहे. मूल आपल्या गावाचे नाव जसे उच्चारील तसेच ते लिहून घ्यावे, आणि त्याची बोली जाणणाऱ्या माणसाला ते ऐकवावे. शेरूचे बोलणे निमाडच्या एखाद्या हमालाने ऐकले असते, तरी 'गणेश तलाई' त्याला कदाचित उमगली असती. मग ते मूल सातासमुद्रापार गेले तरी हरकत नाही. परतीचा पत्ता त्याच्याजवळ राहील.

खांडव्याच्या फलाटावर मी अनेकदा गाडी बदलली आहे. डब्यात केर काढून पैशासाठी हात पुढे करणारी पोरे मीही पाहिली. कधी चार आणे दिले, कधी तोंड फिरवले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला जो प्रश्न मी हटकून विचारतो, तो त्यांतल्या एकालाही मी विचारला नाही.