तीन महिन्यांपूर्वीचे कारण

विषमज्वरातून उठलेल्या माणसाचे केस गळतात, ही गोष्ट आपल्याकडील मागल्या पिढ्यांना डॉक्टरांनी सांगावी लागत नसे. मुदतीचा ताप एकदाचा उतरला, पेजेचे पथ्य सुटून मऊ भात सुरू झाला, रोगी कुणाचा हात न धरता ओसरीपर्यंत येऊ लागला, म्हणजे पुढे दोन-अडीच महिन्यांनी फणीला केसांचे पुंजके येणार, हे घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांनी गृहीतच धरलेले असे. आणि तसे ते येऊ लागले म्हणजे 'तापाचे केस आहेत, जाऊ देत, पुन्हा येतील' एवढ्या एका वाक्यात त्या धास्तावलेल्या मुलीची आणि तिच्या आईची समजूत घालीत. प्रभावी औषधांनी तो ताप आठवड्याभरात आटोक्यात येऊ लागला, आणि त्याबरोबर हे व्यवहारी ज्ञानही घरोघरच्या स्मृतीतून हळूहळू पुसले गेले. 2021 सालच्या एप्रिल-मे महिन्यांत करोनातून वाचलेल्या असंख्य लोकांचे केस जुलै-ऑगस्टमध्ये मुठीमुठीने हातात येऊ लागले, तेव्हा प्राणसंकटातून सुटलेली ही माणसे पुन्हा भयाने व्याकुळ झाली, याचे कारण पुढे काय होणार हे त्यांना कुणी आधी सांगून ठेवलेले नव्हते.

या घटनेमागील शारीरिक व्यापार समजून घेणे कठीण नाही. मनुष्याच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतील प्रत्येकाचे आयुष्य स्वतंत्र असते: दोन ते सहा वर्षे तो वाढतो, मग दोन-तीन आठवड्यांच्या संधिकाळानंतर त्याची वाढ थांबते, सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी टिकून राहतो, आणि अखेरीस गळून त्याच मुळातून नव्या केसाला वाट करून देतो. निरोगी अवस्थेत शंभरांतील पंच्याऐंशी ते नव्वद केस वाढीच्या अवस्थेत आणि उरलेले विश्रांतीच्या अवस्थेत असतात, म्हणून दिवसाकाठी पन्नास ते शंभर केस गळणे हे आरोग्याचेच लक्षण आहे. परंतु तीव्र ज्वर, मोठी शस्त्रक्रिया, रक्तस्राव, बाळंतपण किंवा उपासमार असा एखादा प्रचंड आघात शरीरावर झाला, म्हणजे ज्यांची वाढ अद्याप पुरी झालेली नाही असेही पुष्कळ केस एकाच वेळी विश्रांतीच्या अवस्थेत ढकलले जातात. केस घडविणाऱ्या पेशी या शरीरातील सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींपैकी असल्यामुळे त्यांचा खर्च फार असतो, आणि दुष्काळाच्या वर्षी सरकारने इमारतींची कामे तहकूब करून तिजोरीतील पैसा अन्नछत्रांकडे वळवावा, त्याप्रमाणे संकटात सापडलेले शरीर हा खर्च बंद करून हृदय, मेंदू आणि यकृत यांचा निर्वाह चालविते. अल्बर्ट क्लिगमन या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1961 साली या प्रकाराचे शास्त्रीय वर्णन केले. वैद्यकात तो टेलोजेन एफ्लुव्हियम या नावाने ओळखला जातो.

मोरीच्या जाळीवर साचलेल्या पुंजक्यातील एखादा केस उचलून उजेडात धरला, तर त्याच्या एका टोकाला खसखशीच्या दाण्याहूनही लहान अशी पांढुरकी गाठ दिसते. ती पाहून केस मुळासकट उपटून आला, आता तेथे पुन्हा काही उगवणार नाही, अशी बहुतेकांची समजूत होते आणि त्यांचा धीर सुटतो. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. ती गाठ म्हणजे मूळ नव्हे; आपली मुदत संपवून सुटलेल्या केसाचे ते टोक आहे, आणि मूळ त्वचेच्या आत अबाधित राहून पुढील केसाच्या तयारीला लागलेले असते. म्हणूनच ही गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत आपोआप ओसरते. पुढे कपाळाच्या कडेने आणि भांगाच्या दोन्ही बाजूंनी बोटाच्या पेराएवढे आखूड केस उभे राहू लागतात, तेल लावून कितीही चापून बसविले तरी ते बसत नाहीत, आणि त्यांच्याकडे पाहून अनुभवी डॉक्टर विश्वासाने सांगू शकतो की संकट टळले. मात्र केस महिन्याला जेमतेम एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे वेणीला पूर्वीचा भरदारपणा येण्यास वर्ष-दीड वर्ष लागते, आणि या दीर्घ कालावधीत धीर धरणे हेच सर्वांत कष्टाचे असते.

आघात आणि गळती यांच्यामध्ये पडणाऱ्या दोन-तीन महिन्यांच्या अंतरामुळे माणसाची पदोपदी दिशाभूल होते. माझ्या नात्यातील एका मुलीचे लग्न मे महिन्यात ठरले होते. फोटोत आपण बारीक दिसले पाहिजे या हट्टाने तिने फेब्रुवारीपासून पोळी-भात सोडला, आणि सकाळ-संध्याकाळ पाण्यात कालविलेली कसलीशी पावडर, काकडी आणि ताक यांवर ती दिवस काढू लागली. लग्नात तिचे सर्वांनी कौतुक केले. जून उजाडला आणि सासरी तिचे केस जाऊ लागले, तेव्हा साऱ्या घराने एकमताने दोष दिला तो तेथील बोअरच्या क्षारयुक्त पाण्याला. नळाला गाळणी बसविण्यात आली, न्हाण्यासाठी दूरच्या विहिरीचे पाणी येऊ लागले, माहेरच्यांनी आमच्या मुलीला पाणी मानवले नाही अशी कुरबूर केली, आणि बिचाऱ्या सासूबाई काहीही अपराध नसताना मनातल्या मनात संकोचत राहिल्या. फेब्रुवारीतील उपासाची आठवण एकालाही झाली नाही, कारण तो उपास सर्वांच्या लेखी केव्हाच संपला होता. पुढे दिवाळीच्या सुमारास नवे केस दिसू लागले तेव्हा त्याचे श्रेय कुणा परिचिताने पाठविलेल्या तेलाच्या बाटलीला गेले. ते तेल लावले नसते तरी केस त्याच वेळी आले असते, हे तिला पटवून देणे मला आजही साधलेले नाही.

आजारात माणसाचा इलाज नसतो, पण लग्नासाठी, स्पर्धेसाठी किंवा निव्वळ समाजाच्या धाकाने स्वतःवर लादून घेतलेली उपासमार टाळता येण्यासारखी आहे, म्हणून तिच्याविषयी अधिक स्पष्टपणे बोलणे मला आवश्यक वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, 1944-45 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने छत्तीस निरोगी तरुणांवर अर्धोपासमारीचा प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरण्यास तत्त्वतः नकार दिलेले हे तरुण युरोपातील भुकेल्या जनतेची सेवा या भावनेने स्वखुशीने त्यात उतरले होते. चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारे सोळाशे कॅलरींच्या आसपास अन्न मिळाले, त्यांचे वजन जवळजवळ चतुर्थांशाने घटले, त्यांना थंडी सोसवेना, मन विषण्ण झाले, आणि त्यांचे केस विरळ होऊन गळू लागले. ज्या आहाराला शास्त्रज्ञांनी उपासमार म्हणून संबोधिले, त्याच्या निम्म्यावर आज आपल्या शहरांतील कितीतरी मुली 'डाएट' या नावाखाली महिनोनमहिने राहत आहेत, आणि त्यांना तसे राहण्यास सांगणारे लोक त्याबद्दल फी घेतात! 1976 साली अमेरिकन वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात दोन त्वचारोगतज्ज्ञांनी नऊ रुग्णांची हकिकत प्रसिद्ध केली: कडक आहारनियंत्रण सुरू केल्यापासून दोन ते पाच महिन्यांत या सर्वांचे केस विपुल प्रमाणात गळू लागले होते. इतकी जुनी आणि निर्विवाद अशी ही माहिती वजन घटविण्याच्या एकाही जाहिरातीत मला आजवर आढळलेली नाही.

प्रथिने आणि लोह यांची तूट असलेल्या देहावर असा उपास लादणे तर अधिकच घातक होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रातील पंधरा ते एकोणपन्नास वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. ज्या शरीरात लोहाचा साठा आधीच आटलेला आहे, त्याच्या पुढून उसळ, वरण आणि दूध काढून घेणे याला आरोग्यसाधना म्हणता येत नाही. बाळंतिणीला अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू देणाऱ्या आपल्या आज्यांना प्रथिनांचे आणि लोहाचे कोष्टक ठाऊक नव्हते. तथापि झिजलेल्या शरीराला आधी अन्न पाहिजे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

गळती आपोआप थांबणारी असल्यामुळे तिच्यावर पोसणारा व्यापार मात्र बिनधोक चालतो. घाबरलेला मनुष्य तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दुकानात जातो, महागडी बाटली घेतो, सहाव्या महिन्यात केस येतात आणि बाटलीची कीर्ती गावभर होते. औषधे व सौंदर्यप्रसाधने यांच्या 1945 सालच्या नियमांतील 106 व्या नियमाने, कोणत्या विकारांवर रामबाण उपाय असल्याचा दावा औषधावर छापता येणार नाही याची एक यादी 'जे' परिशिष्टात दिलेली आहे. त्या यादीत टक्कल आहे, नवीन केसांची वाढ आहे, आणि लठ्ठपणाही आहे. म्हणजे उपासाची पावडर आणि उपासाने गळालेल्या केसांचे तेल, या दोहोंच्या दाव्यांना आवर घालण्याचा हेतू कायद्याने केव्हाच मनाशी धरलेला आहे. परंतु पावडर 'अन्न' म्हणून आणि तेल 'सौंदर्यप्रसाधन' म्हणून विकले गेले की दोन्ही त्या नियमाच्या हद्दीबाहेर निसटू पाहतात. ही पळवाट बुजविणे हे शासनाचे कर्तव्य आहे आणि त्यात यापुढे दिरंगाई होता कामा नये. केसांसाठी सर्रास खपणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांचेही तसेच. बायोटिनची खरी उणीव क्वचितच कुणाला असते. उलट त्याच्या मोठ्या मात्रेमुळे रक्ताच्या काही चाचण्यांचे निष्कर्ष चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2017 मध्ये दिला आहे, आणि थायरॉईडच्या चाचण्याही अशा चुकू शकणाऱ्या चाचण्यांपैकी आहेत. थायरॉईडच्या विकाराने केस गळत असलेली स्त्री स्वतःच्या मनाने या गोळ्या घेत राहिली, तर तिचा खरा विकारच दडून जाण्याचा संभव आहे.

येथे एक खुलासा करणे जरूर आहे, नाहीतर माझ्या म्हणण्याचा विपर्यास होईल. प्रत्येक गळती अशी निरुपद्रवी नसते. गळती सहा महिन्यांहून अधिक टिकली, डोक्यावर चाईसारखे गोल चट्टे पडले, भुवया विरळ झाल्या किंवा टाळूची त्वचा लाल होऊन सोलू लागली, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे गेलेच पाहिजे. आणि आनुवंशिक टक्कल ज्यांच्या घराण्यात आहे, अशांच्या बाबतीत ही तात्पुरती गळती त्या मंदगती विकाराला उघडे पाडते, हेही ध्यानात ठेवावे. 2024 च्या डिसेंबर अखेरीस बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतील लोकांचे केस एकाएकी जाऊ लागले, तेव्हाही संशय प्रथम पाण्यावरच आला. परंतु तेथे अवघ्या काही दिवसांत डोकी उघडी पडत होती, आणि हा वेग पाहता आजारामागून येणाऱ्या संथ गळतीचा हा प्रकार नव्हे, हे उघड होते. विंचूदंशावरील संशोधनामुळे ख्याती पावलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तेथे जाऊन रेशनच्या गव्हातील सेलेनियमच्या अतिरेकाकडे बोट दाखविले. तोवर त्या गावकऱ्यांशी इतरांनी धरलेला दुरावा, मुलामुलींच्या सोयरिकींवर आलेले सावट, हे सारे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच आहे.

ज्या समाजाने विधवेचे केस बळाने उतरविले, आणि ज्या समाजात 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या नाभिकांनी त्या कामास नकार देईपर्यंत मजल गेली, त्या समाजातील स्त्रीला केस जाण्याचे भय वाटते याला केवळ नटवेपणा म्हणणे क्रूरपणाचे आहे. 'जिवावरचे केसांवर गेले' असे म्हणून तिची बोळवण करणारे डॉक्टर मी पाहिले आहेत. त्यांच्या शास्त्रात काही चूक नसते, पण त्या स्त्रीला हवे असलेले उत्तर त्यात नसते. आपले केस का जात आहेत आणि ते कधी थांबतील, एवढेच तिला जाणून घ्यायचे असते, आणि सुदैवाने या बाबतीत वैद्यकाजवळ दोन्ही प्रश्नांची निश्चित उत्तरे आहेत.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. डेंग्यू, विषमज्वर, न्यूमोनिया किंवा मोठी शस्त्रक्रिया यांतून बऱ्या झालेल्या रोग्याला घरी सोडताना त्याच्या हाती जे डिस्चार्ज कार्ड देतात, त्यावर औषधांच्या मात्रांखाली मराठीत आणखी एक मजकूर छापावा: 'दोन-तीन महिन्यांनी केस गळण्याचा संभव आहे, ते बहुधा परत येतात, पोटभर आणि सकस जेवा, सहा महिन्यांनंतरही गळती चालू राहिल्यास दाखवावयास या.' वजन घटविण्याचे वर्ग चालविणाऱ्यांनी हाच इशारा पहिल्या दिवशी, पैसे घेण्यापूर्वी, लेखी द्यावा, आणि तो न देणाऱ्यास जाब विचारण्याचा अधिकार ग्राहकाला असावा. खेड्यापाड्यांतील बाळंतिणींसाठी तर वेगळी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. बाळ तीन महिन्यांचे झाले की त्याची वाढ पाहण्यासाठी आशाताई घरी येतात, आणि आईचे केस गळू लागण्याचा काळही नेमका तोच असतो. बाळाची चौकशी आटोपल्यावर त्यांनी आईकडे वळून तिच्या केसांविषयी आणि जेवणाविषयी दोन प्रश्न विचारावेत, आणि लोहाच्या गोळ्या ती अजून घेते आहे की घरी येताच बंद केल्या, हे तिचे पाकीट मागून स्वतः पाहावे.